चार वाड्यांचा अँटेना

"सेक्टर कुठंय?" मी विचारलं.

विनायक खांबाच्या बुडाशी उकिडवा बसून वायरच्या जोडाला काळी टेप गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. "आधी पाणी पी. एवढा चढ चढून आलीयेस."

"पाणी राहू दे. माझा सेक्टर कुठंय?"

खांबावर दोन डिशा होत्या. एक तालुक्याकडे तोंड करून बसवलेली. ती असायलाच हवी होती. आदल्या दिवशी तालुक्याला आमच्या दुकानाच्या गच्चीवर उन्हात उभी राहून, फोनवरून 'डावीकडे, थोडी अजून, आता खाली' असं ओरडत मीच ती विनायककडून जुळवून घेतली होती. लांबच्या लिंकचं काम असंच असतं. दोन टोकांना दोन माणसं, आणि पलीकडचा जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. दुसरी डिश मात्र मी मागवलीच नव्हती. तिच्या जागी सेक्टर अँटेना यायचा होता.

विनायक शेट्ये आणि मी, आम्ही दोघं मिळून इंटरनेटचा धंदा करत होतो. दुकान त्याच्या वडिलांचं, डिप्लोमा माझा. तेव्हा आमच्या भागात डोंगरमाथे सोडले तर मोबाईलवर धड बोलणंसुद्धा होत नसे, म्हणून आम्ही डोंगरांवर खांब उभारून, तिथं आणि गिऱ्हाइकांच्या घरांवर रेडिओ, म्हणजे सिग्नल देणारी-घेणारी यंत्रं बसवून हवेतून इंटरनेट न्यायचो. शाळा, पतपेढ्या, दवाखाने असं करत करत त्या वर्षी माझ्या स्वतःच्या गावाची, कोंडशेतची पाळी आली होती. मधलीवाडी, धुमकवाडी, तळेवाडी आणि कातळवाडी. चार वाड्या एका खोलगट दरीत विखुरलेल्या, आणि वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, टोकाला सोमजाईचं देऊळ. खांब त्या देवळामागे उभा केला होता, कारण तालुका दिसणारी गावात तेवढी एकच जागा.

असं काम करताना अँटेना निवडायचा म्हणजे आधी एकच गोष्ट ठरवायची असते. तुम्हाला एकाशी बोलायचंय की अनेकांशी? डिश म्हणजे बॅटरीचा झोत. लांब जाते, पण पडते वीतभर जागेवर. सेक्टर म्हणजे ओटीच्या भिंतीला टांगलेला दिवा. त्याची पाठ भिंतीला आणि उजेड अंगणभर. चार वाड्यांना सेक्टरच हवा, यावर विनायकचं आणि माझं दुकानात बसून बोलणं झालं होतं. मी कागदावर दरी काढली होती, त्यानं माझ्यासमोर बसून भजी खाल्ली होती आणि मान डोलावली होती.

मी चपला काढल्या आणि खांबावर चढले. पायऱ्या वेल्डिंग करून घेतल्या होत्या, त्याही माझ्याच हट्टानं. वर जाऊन दुसऱ्या डिशच्या कडेला गाल टेकवला आणि ती जिकडे बघत होती तिकडे पाहिलं. खाली कातळवाडीची कौलं होती. डिशचं तोंड त्यांच्या कितीतरी वरून, दरी ओलांडून, खाडी ओलांडून गेलं होतं. समोर पलीकडच्या उतारावर नवीन बांधलेल्या रिसॉर्टच्या पांढऱ्या खोल्या उन्हात चमकत होत्या.

मी खाली उतरले. "ही रिसॉर्टवर लावलीयेस."

"हो," विनायक म्हणाला. आज गुरुवार आहे का विचारल्यासारखं.

"आणि वाड्या?"

"वाड्या पुढच्या टप्प्यात."

"कसला टप्पा? हा शब्द तुझ्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकतेय."

"जरा शांतपणे ऐकून घेशील? अंतर बघ ना तू. सेक्टरनं खाडी ओलांडली नसती."

"खाडी ओलांडायची होती कुणाला?"

यावर तो हसला. त्याचं हसणं मला एरवी आवडायचं, म्हणून त्या दिवशी जास्तच लागलं. तो म्हणाला, "दर्शना, वाडीतली माणसं हौसेनं दोन महिने घेतील. मग पावसात वीज जाईल, रेडिओ जळतील आणि तुलाच शिव्या देतील. तिकडे एकच गिऱ्हाईक आहे, पण कायमचं आहे. दुकान चालायला हवं की नको?"

"दुकान चालवायला गावानं झाड दिलं नव्हतं."

मी पिशवीतून पाना काढला आणि पुन्हा पायरीवर पाय ठेवला. विनायकनं मला अडवलं नाही. तो फक्त म्हणाला, "फिरव. रेडिओचा पासवर्ड माझ्याकडे आहे. आणि ती डिश वाडीकडे वळवलीस तरी एखाद्याच घरावर पडेल. मी तुला काय शिकवणार?"

हे खरं होतं, म्हणून मी पाना त्याच्या अंगावर फेकला. लागला नाही. माझा नेम शाळेपासून वाईट आहे.

त्यानं पाना उचलून माझ्या पिशवीत ठेवला. "घरी जा," तो म्हणाला. "आप्पांशी बोल एकदा." मला वाटलं, माझा राग उतरवायला हा मला बापाकडे पाठवतोय. चिडलेल्या बाईला घरी पाठवायची पुरुषांची ही जुनी खोड आहे. मी त्याला त्याच्या सात पिढ्या आठवतील असं काहीतरी बोलले आणि निघाले.

खांबापासून थोड्या अंतरावर तोडलेल्या किंजळीचा बुंधा होता. आता त्या झाडाबद्दल सांगायला हवं.

सोमजाईच्या देवळाभोवती रहाटी आहे, म्हणजे देवीचं राखीव रान. त्या रानातली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजतं. आमच्या खांबाच्या आणि तालुक्याच्या बरोबर मध्ये तिथली एक म्हातारी किंजळ येत होती. पानांतून सिग्नल जात नाही, ओल्या पानांतून तर नाहीच. खांब इकडेतिकडे सरकवून मी पाहिलं होतं, जमत नव्हतं. झाड खरोखरच आड येत होतं.

म्हणून गाव देवळात बसलं. आमच्याकडे असं काही करायचं तर देवीला कौल लावतात. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवंय ते देवीला मोठ्यानं सांगायचं, आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवीची परवानगी. डावी पडली तर गुमान घरी जायचं. आणि आमच्या गावचे गुरव म्हणजे माझे वडील.

गावकर धाकू धुमक मंडपाच्या मधोमध बसले होते. गावातला पहिला मान त्यांचा. त्यांनी मला कठड्याच्या आत बोलावलं. बायकांनी कठड्याबाहेर बसायचं, हा तिथला रिवाज. बाहेरच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या.

"दर्शने, तू सांग," गावकर म्हणाले. "ह्या झाडाला माज्या आज्यानं हात लावलान न्हाय. मंग आमी कोनासाटी तोडायचा?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चारी वाड्यांसाठी. खांबावरचा अँटेना चारी वाड्यांकडे बघेल. ज्याला हवं त्याच्या ओटीवर इंटरनेट येईल. पोरांचे फॉर्म इथून भरता येतील, बाहेरगावच्या माणसांशी समोर बघून बोलता येईल. हा माझा शब्द आहे."

"विनायक शेट्ये काय बोलतो?"

विनायक हात जोडून म्हणाला, "दर्शना सांगेल ते."

गावकरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "गुरवाच्या पोरीचा शबुद हाय. लावा कौल."

माझ्या वडिलांचं गाऱ्हाणं ऐकायला लोक लांबून यायचे. गुराढोरांपासून ममईच्या, म्हणजे मुंबईच्या, चाकरमान्यांपर्यंत सगळ्यांना ते त्यात ओवायचे. कुणाची सून बाळंतपणाला आलीय, कुणाची म्हैस आटलीय, सगळं. चारी वाड्या तर मानाप्रमाणे यायच्याच. त्या दिवशी मात्र त्यांनी ते दोन वाक्यांत आटपलं. "आई सोमजाई, तुज्या रहाटीतली किंजळ मागतंव. हितं एक खांब उभा ऱ्हायचा हाय, तुजी मर्जी आसल तर उजवी दे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

मला वाटलं, झाडाच्या दुःखानं त्यांनी थोडक्यात उरकलं. मला स्वतःलाच रडू येत होतं. उजवी पाकळी लगेच पडली. मग गावानं दोन दिवस राबून लोखंड, वाळू, सिमेंट डोक्यावरून वर नेलं. कातळवाडीच्या शेवंतीकाकीनं पाटीच्या ओझ्यानं मान धरली तरी खेपा सोडल्या नाहीत. तिचा मुलगा जहाजावर खलाशी होता. वर्षा-दोन वर्षांत एकदा दिसायचा.

तर विनायकला शिव्या घालून मी उतरत होते, आणि पाणंदीत नेमकी तीच भेटली. डोक्यावर गवताचा भारा.

"आला काय गो नेट?" तिनं विचारलं.

"अजून नाही, काकी."

"उद्या येल?"

मी म्हटलं, "बघते." ती म्हणाली, "बघ हां बाय. मी झिलाला फोन करून सांगून ठेवलाय," आणि पुढे गेली. माझं डोकं असं काही भणभणलं की घर येईपर्यंत मी वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारली.

वडील ओटीवर बसून देवीची उपकरणी चिंचेनं घासत होते. आई गेल्यापासून घरचीही भांडी तेच घासायचे आणि अशीच लख्ख घासायचे. मला वाढवलं त्यांनी. पोरीला कशाला डिप्लोमाला पाठवतोस म्हणून गाव हसलं, तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत आलेला माणूस होता तो. म्हणून मी त्यांच्यासमोर धपकन बसले आणि सगळं भडाभडा सांगितलं. डिश, रिसॉर्ट, टप्पा, पासवर्ड.

"फसवलं हो मला त्यानं, आप्पा. सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडलं."

त्यांनी तांब्या उलटा करून बुडाला चिंच लावली. "तू जेवलीस काय?"

"मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय?"

"पेज हाय. आधी जेव. मंग बोलू."

"मला आत्ता बोलायचंय. आत्ताच्या आत्ता गावकरांकडे चला माझ्याबरोबर. तुम्ही असलात की ते ऐकून घेतील. खांब देवीच्या जागेत आहे, गावानं म्हटलं तर उद्या उतरवावा लागेल त्याला."

"खांब ऱ्हाव दे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ऱ्हाव दे म्हंजे ऱ्हाव दे. वाडीचा मागाहून बगतील."

हे मी नुकतंच, दुसऱ्याच्या तोंडून, जरा शुद्ध भाषेत ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते तांब्याकडे बघत राहिले. तांब्या घासून घासून पांढरा पडला होता, तरी ते घासतच होते.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी तांब्यावर पाणी ओतलं.

"डिश रिसॉर्टवर जाणार, हे तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"झाडाच्या आदीपासून," ते म्हणाले. मग घसा साफ केला. "विनायक आलेला घरी. तू तालुक्याला व्हतीस. बोललान, तुमी गप ऱ्हायलात तर संकेतला तिकडं रिसॉर्टात कायमचा ठेवतील. तितला मालक विनायकच्या वळकीचा हाय."

संकेत माझा धाकटा भाऊ. ममईत दोन नोकऱ्या सोडून तो वर्षभर घरी बसला होता आणि पुन्हा ममईला जायचं म्हणत होता. त्या दिवशी तो घरात नव्हता. कुठं गेलाय हे मी विचारलंही नव्हतं.

"आज कामावर गेला तो," वडील म्हणाले. "पयलाच दिवस."

मला आधी काही वाटलंच नाही. मग एकदम देवळातलं ते गाऱ्हाणं आठवलं, आणि मला जे कळलं ते मी मोठ्यानं बोलून टाकलं.

"म्हणून तुम्ही वाड्यांची नावं घेतली नाहीत. देवीकडे नुसता खांब मागितलात. कुणासाठी ते सांगितलंच नाहीत तिला."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आईपुढं माज्यान खोटा बोलवत न्हाय गो."

"आणि माझ्याकडून बोलवून घेतलंत?"

"तू कुटं खोटा बोललीस?" ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, मला समजावून सांगत असल्यासारखे. "तुला काय म्हायती व्हता? तू खरा समजून बोललीस. मी वाड्यांचा काय बोललोच न्हाय. मंग खोटा कोन बोलला, सांग."

इतके दिवस त्यांनी याचा विचार केला असणार. मनात घोळवून, हिशेब जुळवून, आपल्यापुरतं सगळं साफ करून ठेवलं होतं. त्यांच्या त्या हिशेबात मी कुठं बसते, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

"मी गावासमोर शब्द दिला, आप्पा. तुम्ही तिथं उभे होतात. तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

"मंग काय करू?" त्यांचा आवाज चढला. "तू लगीन करून जाशील. जायालाच होवा. हा ममईला गेला तर देवीला पानी कोन घालील? माज्या मागं देऊळ बंद पाडू? तिच्यासाटीच केला मी. आपल्यासाटी काय मागितला मी? सांग की."

"माझ्यासाठी तरी काय मागितलंत?"

मी उठून आत गेले. पेज झाकून ठेवली होती, वर माझ्या आवडीचं सुक्या जवळ्याचं कालवण. मला त्याचाही राग आला. माणसानं एक काय ते करावं. फसवायचं तर जेवायला वाढू नये.

त्याच संध्याकाळी मी एकटी गावकरांकडे गेले. डिशचं आणि विनायकचं सांगितलं. घरातलं सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. गुरवपण पिढ्यांचं, ते एका वाक्यानं जाईल ही भीती होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ते स्वतः सांगतील याची मला खात्री होती. हा माणूस देवीशी खोटं बोलत नाही, एवढं तरी माझ्या हातात उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पुन्हा देवळात बसलं. मी कठड्याच्या आत उभी राहिले आणि सगळ्यांना सरळ सांगितलं, की अँटेना बदललाय, ही डिश वाड्यांना काही देणार नाही, विनायकनं मला कळू न देता हे केलंय. विनायकला निरोप गेला होता. तो आला नव्हता.

"तुला कळू न देता?" धुमकवाडीतला एकजण म्हणाला. "तू त्याची भागीदारीन. रोज एका दुकानात बसताव तुमी."

"नाही कळू दिलं."

"आनि आमाला आता कळतंय व्हय? झाड आडवा झाल्यावर?"

कठड्याबाहेर शेवंतीकाकी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

गावकरांनी हात वर केला. "भांडून झाड उभा न्हाय ऱ्हायाचा. खांबाचा काय ता मागाहून ठरवू. आदी आईची माफी मागा. तिच्याकडनं एकासाटी मागून घेतला आनि दिला दुसऱ्याला. गुरवानू, गाऱ्हाना घाला. कोनाकडनं काय चुकला, ता तिला सरळ सांगा."

माझे वडील गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. आमच्याकडे पाठ, देवीकडे तोंड. त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. मला त्यांची दया यायला लागली होती, खरंच सांगते. वाटत होतं, आता हा माणूस सगळं कबूल करणार, गाव याला बोलणार, आणि मी पुढं होऊन म्हणणार की जाऊ दे, पोरासाठी केलं, झालं. मी मनातल्या मनात त्यांना माफ करूनसुद्धा टाकलं होतं.

"आई सोमजाई," त्यांनी सुरुवात केली. त्यांचा तो खर्जातला, मोकळा आवाज. "तुजी लेकरा तुज्या पायाशी उबी हायत. तुज्या रहाटीला हात लागला. आमाला सांगितला एक आनि झाला दुसरा." ते थांबले. "माज्या लेकीनं शबुद दिलान, आनि तिच्याकडनं तो मोडला. ती लहान हाय, तिला कळला न्हाय. तिचा अपराध पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. शेवंतीकाकीचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला.

आमच्या गावात गुरवानं गाऱ्हाण्यात म्हटलेलं खोटं असतं असं कुणी मानत नाही. मीही मानत नव्हते. आता मी कितीही ओरडले असते तरी त्याच्यापुढं ते टिकलं नसतं, हे मला उभ्या उभ्या कळलं. त्यांनाही ते माहीत होतं.

गावकरांनी माझ्या हातात नारळ दिला. प्रेमानंच दिला. "फोड बाय. मोकळी हो."

"आप्पा," मी म्हटलं.

ते वळले नाहीत.

"आप्पा, मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा सांगा तिला."

मंडपात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, पोरीला देवळात असा बोलू देतात काय. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. कानामागचे पांढरे केस, मानेवरची ती जुनी भाजल्याची खूण. मला तेव्हाही वाटत होतं की ते आता वळतील. पाठमोरेच राहिले असते, काहीच बोलले नसते, तरीसुद्धा मी तो नारळ फोडला असता आणि सगळं माझ्यावर घेतलं असतं.

त्यांनी हात जोडले आणि तेच पुन्हा म्हटलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. माझं नाव घेऊन.

मी नारळ गावकरांच्या हातात परत दिला आणि मंडपाच्या पायऱ्या उतरले. मागून वडिलांनी दोनदा हाक मारली. विनायकशी माझी नंतर भेट झाली, भांडणं झाली, वाटण्या झाल्या, आणि आता रस्त्यात दिसला तर आम्ही बोलतोही. कोंडशेतच्या वडिलांना मी सणासुदीला फोन करते, औषधं पाठवते, तब्येत विचारते. आप्पा मात्र मी त्यांना त्या दिवसानंतर म्हटलेलं नाही.